वसंतातली क्रॉपी: उत्तर टेक्सासच्या तलावांवर काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपत आला की डॅलसच्या आसपासच्या बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, गिऱ्हाईक शिरताशिरताच विचारतं, पाणी कितीवर आलं? किती खोल ते नव्हे, किती गरम. उत्तर ‘बावन्न’ (फॅरनहाइट) आलं तर माणूस दोन शब्द बोलून परत फिरतो, ‘एकोणसाठ’ आलं तर दोन डझन मिनो, म्हणजे आमिषाचे जिवंत छोटे मासे, बांधून घेतो. क्रॉपी माशाचा वसंतातला सगळा खेळ या एका आकड्यावर चालतो आणि नवख्याचं चुकतं ते इथेच. रॉड कुठला घ्यावा, जिगचा (शिशाचं डोकं असलेल्या गळाचा) रंग कुठला, याची तो आठवडाभर चौकशी करतो आणि पाच-सात डॉलरचं थर्मामीटर काही घेत नाही.

इकडे आलेल्या मराठी माणसांत मासे खाणारे पुष्कळ, पण स्वतः गरवायला जाणारे थोडे. बोट नाही, माहिती नाही, आणि हे काम गोऱ्या म्हाताऱ्यांचं असा एक समज. त्यातली बोटीची अडचण मार्च-एप्रिलात आपोआप सुटते. एरवी वर्षभर पंधरा-वीस फूट खोल पाण्यात बुडालेल्या झाडाझुडपांत दडून राहणारी क्रॉपी या काही आठवड्यांत अंडी घालायला अगदी काठाशी येते. कोकणात पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे ओढ्यात शिरतात ना, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे पावसाऐवजी ऊन त्यांना वर काढतं.

मासा कसा असतो

क्रॉपी हा सनफिश कुळातला, उत्तर अमेरिकेचा गोड्या पाण्यातला मासा. अंग चपटं आणि रुंद, रंग रुपेरी. तोंडाची कातडी इतकी पातळ की लोक त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणतात. जाती दोन. पांढऱ्या क्रॉपीच्या पाठीवरच्या परात 5 किंवा 6 काटे असतात आणि अंगावर उभे फिकट पट्टे. काळीला 7 किंवा 8 काटे आणि सगळीकडे विखुरलेले काळे ठिपके. ओळखताना काटेच मोजा, रंगावर जाऊ नका. विणीच्या दिवसांत दोन्ही जातींचे नर डोक्याकडून छातीपर्यंत काळे पडतात आणि पांढरीचा नरही काळी वाटतो. काळीला निवळ पाणी आणि पाणवनस्पती आवडतात, पांढरीला गढूळ पाणीही चालतं. म्हणून लाव्हॉनसारख्या गढूळ तलावात बहुतेक पांढरीच लागते.

दहा ते बारा इंच म्हणजे चांगला मासा. पौंडावर गेला की त्याला ‘स्लॅब’ म्हणतात आणि फोटो निघतो. जागतिक विक्रम पांढरीचा 5 पौंड 3 औंस, मिसिसिपीतल्या एनिड धरणाजवळचा, 1957 सालचा. तो अजून मोडलेला नाही. काळीचा विक्रम 2018 मध्ये टेनेसीतल्या एका तळ्यात झाला, साडेपाच पौंडांच्या जरासा अलीकडे. आपल्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

आकडे पाठ करा

इथे थर्मामीटर फॅरनहाइटचं मिळतं, म्हणून हिशेबही फॅरनहाइटमध्येच ठेवा. पाणी 50 ते 55 अंशांवर (10 ते 13 सेल्सिअस) आलं की मासे खोल पाण्यातून निघून तलावाच्या फाट्यांच्या तोंडाशी जमायला लागतात. अजून आठ ते पंधरा फुटांवरच असतात, थव्याने असतात आणि भुकेले असतात. 60 च्या जवळ पोचलं की नर पुढे होतात, उथळ पाण्यात येऊन जागा धरतात आणि तळ साफ करून घरटी करतात. घरटं एकटं क्वचित असतं, जवळजवळ बरीच असतात. 60 ते 68 अंशांच्या दरम्यान (साधारण 16 ते 20 सेल्सिअस) माद्या येतात, अंडी घालतात आणि परत खोल पाण्याकडे निघून जातात. काळी क्रॉपी यात पांढरीपेक्षा थोडी आधी. नर मागे राहून राखण करतो. पाण्याच्या उबेप्रमाणे दोन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं घरट्यातून बाहेर पडेपर्यंत तो हलत नाही.

उत्तर टेक्सासात हे सगळं मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतं. सगळे मासे एकाच दिवशी येत नाहीत, एकामागून एक लाटा येतात. त्यामुळे एखादा शनिवार हुकला म्हणून हंगाम गेला असं होत नाही. मिसूरी किंवा इलिनॉयला राहणाऱ्यांनी महिनाभर पुढे धरावं, फ्लोरिडावाल्यांनी बरंच मागे. कॅलेंडर बदलतं, आकडे तेच राहतात.

तापमान मोजायचं ते काठाला दोन इंच पाण्यात बोट बुडवल्यासारखं नाही. दुपारच्या उन्हात वरचा थर फसवतो. थर्मामीटरला दोरी आणि एक शिसं बांधा, दोन-तीन फूट खाली सोडा, दोन मिनिटं थांबा आणि चटकन वर काढून वाचा. शक्यतो सकाळी मोजा, कारण रात्रीत पाणी किती थंडावलं हे तेव्हाच कळतं. दुपारी 64 आणि सकाळी 56 असेल तर मासे अजून घुटमळत आहेत असं समजा.

लायसन्स आणि विणीच्या मासेमारीबद्दल

टेक्सासात 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना साधारणपणे लायसन्स लागतं. सहा महिने राज्यात राहिलात की रहिवाशाच्या दरात मिळतं. वार्षिक लायसन्स साधारणपणे 31 ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत नवीन काढणं म्हणजे पैसे पाण्यात. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला मात्र लायसन्स लागत नाही. हा नियम आपल्या पाहुण्यांसाठी वरदान आहे: भारतातून आलेले आईवडील असोत की सासूसासरे, रे रॉबर्ट्स किंवा लेक टवाकोनी स्टेट पार्कात पार्कची प्रवेश फी भरून निवांत गळ टाकून बसू शकतात. मासे किती आणि केवढे ठेवायचे हे नियम त्यांनाही लागू असतातच.

क्रॉपीची राज्यभराची मर्यादा आहे माणशी दिवसाला 25, दोन्ही जाती मिळून, आणि किमान लांबी 10 इंच. काही तलावांना वेगळे नियम आहेत. लेक फोर्कवर डिसेंबर ते फेब्रुवारी लांबीची अट नसते, उलट लागलेला प्रत्येक मासा ठेवावाच लागतो. कारण थंडीत तो इतक्या खोलातून वर येतो की हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी जगत नाही. 1 मार्चपासून तिथेही 10 इंचांची अट परत येते. निघण्यापूर्वी त्या तलावाचं पान राज्याच्या ‘आउटडोअर ॲन्युअल’ या नियमपुस्तिकेत पाहून घ्या. पुस्तिका दरवर्षी निघते आणि फोनवरही मिळते.

विणीच्या वेळी मासे मारावेत का, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडतोच, आणि पडायलाही हवा. महाराष्ट्रात जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते ती याच कारणासाठी. टेक्सासात क्रॉपीला बंदीचा काळ नाही. एक मादी हजारो अंडी घालते आणि पुढच्या वर्षांत क्रॉपी किती दिसणार हे गळवाल्यांपेक्षा वसंतात तलाव किती भरलेला राहिला यावर जास्त अवलंबून असतं, असा त्यामागचा हिशेब. तो मला पटतो. तरी राखणीवरचा नर उचलला की घरट्याभोवती टपलेले ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात, हेही खरं. मी स्वतः एका जागेवरून चार-पाच मासे झाले की उठतो आणि घरी चार माणसांच्या एका जेवणाला लागतील तेवढेच ठेवतो. पंचविसाची मर्यादा आहे म्हणजे पंचवीस नेलेच पाहिजेत असं नाही.

जागा कशी शोधायची

लाव्हॉन, लुइसव्हिल, ग्रेपव्हाइन, रे रॉबर्ट्स हे सगळे धरणांचे जलाशय आहेत. म्हणजे खाली जुने ओढे, बुंधे, कुंपणं, रस्ते बुडालेले आहेत. फोनवर तलावाचा खोलीचा नकाशा उघडा आणि जुन्या ओढ्याची रेघ शोधा. ती रेघ जिथून तलावाच्या आत शिरलेल्या फाट्यात जाते, ज्याला इथे कोव्ह म्हणतात, तो माशांचा हमरस्ता. ओढ्याची खोल रेघ काठाला जितकी जवळ, तितका तो काठ चांगला, कारण हवा बिघडली की मासा दहा पावलांवर खोल पाण्यात परत जाऊ शकतो. अर्धा मैल पसरलेलं एकसारखं उथळ पाणी दिसायला छान दिसतं, पण तिथे गळ टाकून बसू नका.

हंगामाच्या सुरुवातीला फाट्याचा उत्तरेकडचा काठ धरा. त्याचं तोंड दक्षिणेकडे, दिवसभर ऊन तिथेच पडतं, आणि उत्तरेचा गार वाराही त्याला कमी लागतो. एकाच तलावात या काठाचं आणि समोरच्या काठाचं पाणी चार-पाच अंशांनी वेगळं लागू शकतं. एप्रिल उजाडला की हा फरक मिटतो.

मग आडोसा बघा. पाण्यात अर्धी बुडालेली विलो किंवा बटनबुशची झुडपं, मेलेल्या झाडांचे बुंधे, लव्हाळ्याची कड, पडलेलं झाड. तळ कडक हवा: वाळू, खडी किंवा घट्ट माती. साध्या शिशाने हे कळतं. शिसं तळावर ओढा. हाताला टकटक लागली तर तळ कडक, लोण्यातून ओढल्यासारखं वाटलं तर चिखल.

बोट नसलेल्यांसाठी माझी पहिली पसंती पुलाखालच्या दगडांना. रस्ता तलाव ओलांडतो तिथे भरावाला मोठे दगड लावलेले असतात. दगड ऊन धरून ठेवतात, पाणी दोन हातांवर खोल होतं आणि गाडी जवळ लावता येते, अर्थात जिथे परवानगी असेल तिथेच. काही मरीनांवर, म्हणजे बोटी लावायच्या जागांवर, पैसे भरून बसायचे मासेमारीचे धक्के असतात. लहान मुलं बरोबर असतील तर तेच बरे.

एक सूचना, जी पुस्तकात कुणी लिहीत नाही. काठावर बसण्याआधी गवतात लाल मुंग्यांचं वारूळ आहे का ते बघा. टेक्सासची फायर ॲण्ट पायजम्यात शिरली की क्रॉपी कसली अन् काय कसलं.

सामान

रॉड साडेसहा-सात फुटी, हलका, टोकाला लवणारा. रीळ 1000 किंवा 2000 आकाराचं स्पिनिंग. तंगूस 6 पौंडांचा ताण सोसणारा मोनोफिलामेंट. झुडपांत घुसायचं असेल तर 8 किंवा 10. याखेरीज जमलं तर 10 ते 12 फुटी एक क्रॉपी पोल घ्या. फायबरची साधी लांब काठी, महाग नसते, आणि पुढे सांगितलेल्या एका पद्धतीला तिच्याशिवाय मजा नाही.

गळ पातळ तारेचा घ्या, ॲबरडीन नावाचा, 4 ते 1 नंबरचा. नंबर जितका लहान तितका गळ मोठा. पातळ तारेचा फायदा असा की गळ फांदीत अडकला तरी हळूहळू ताणल्यावर वाकून सुटतो, आणि बोटाने सरळ करून परत वापरता येतो. जिग 1/16 औंसाचे डझनभर, 1/32 चे थोडे, वारा असेल त्या दिवशीसाठी 1/8 चे दोन-चार. त्यावर दोन इंची मऊ प्लॅस्टिकच्या ट्यूब. रंगांबद्दल दुकानदार तासभर बोलू शकतो. माझं मत: निवळ पाण्यात पांढरा किंवा राखाडी, गढूळ पाण्यात हिरवट-पिवळा किंवा काळ्या-हिरव्या जोडीचा, आणि विषय संपला. चुकीच्या रंगाचा जिग बरोबर खोलीवर मासे धरतो. बरोबर रंगाचा जिग चुकीच्या खोलीवर नुसता भिजतो.

मिनो बेट शॉपवर डझनाने मिळतात. बादलीत बॅटरीवरचा हवा सोडणारा पंप लावा, बादली सावलीत ठेवा. पावती जपून ठेवा. टेक्सासात तलावावरून निघताना बोटीतलं आणि बादलीतलं पाणी काढून टाकावं लागतं, कारण झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात त्याच पाण्यातून जातात. लेक टेक्सोमात ते 2009 मध्ये सापडले आणि तिथून एकेका तलावात पसरत गेले. दुकानातून घेतलेला मिनो पाण्यासकट नेता येतो, पण पावती दाखवता आली पाहिजे. उरलेले मिनो तलावात ओतू नका.

खोली: सगळं इथेच आहे

क्रॉपीचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात आणि ती वर बघून खाते. आमिष तिच्या फूटभर वर असेल तर ती उठून येते. सहा इंच खाली गेलं तर तिला ते नसल्यासारखंच. म्हणून शंका आली की नेहमी वर ठेवा.

घरटी किती खोलीवर असतील याचा अंदाज पाण्याच्या निवळपणावरून येतो, कारण अंड्यांना ऊब आणि उजेड पोचावा लागतो. साधी युक्ती: पांढरा जिग काठीच्या टोकाने हळूहळू खाली सोडा आणि तो दिसेनासा झाला तिथे तंगूस चिमटीत धरा. वर काढून मोजा. फूट-सव्वा फुटात जिग गडप झाला, म्हणजे पाणी चहासारखं आहे, तर मासे एक ते तीन फुटांत शोधा. चार-पाच फुटांपर्यंत दिसत राहिला तर घरटी सहा-आठ फुटांवरही असू शकतात आणि काठावर उभं राहून पायाशी गळ सोडण्यात अर्थ नाही.

सुरुवात उथळापासून करा. आधी दीड फूट, मग अडीच, मग चार. प्रत्येक खोलीला एका झुडपाभोवती सहा-सात वेळा टाका. पहिला मासा लागला की खोली बदलू नका, फक्त झुडूप बदला. तीच खोली त्या दिवशी त्या बाजूच्या सगळ्या झुडपांना लागू पडते.

फ्लोट लावून

नवख्याने इथूनच सुरुवात करावी. तंगुसाला खाली 1/16 चा जिग किंवा गळ आणि मिनो. गळ असेल तर त्याच्यावर सात-आठ इंचांवर एक बारीक शिसं चिमटा. त्याच्या वर ठरवलेल्या खोलीवर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. फ्लोट लहान आणि निमुळता असावा, आणि शिसं इतकं की पाण्याबाहेर फक्त टोक राहील. लाल-पांढरा लिंबाएवढा गोळा लावू नका. माशाला तो ओढताना जोर लागतो आणि तो आमिष सोडून देतो. खोली पाच-सहा फुटांपेक्षा जास्त असेल तर बांधलेला फ्लोट फेकता येत नाही. तेव्हा तंगूस आतून सरकणारा स्लिप फ्लोट घ्या आणि हव्या त्या उंचीवर दोऱ्याची छोटी गाठ बांधून त्याला अडवा.

मिनो लावताना गळ खालच्या ओठातून वरच्या ओठात काढा, म्हणजे ओढताना तो सरळ पोहत येतो. एकाच जागी लटकत ठेवायचा असेल तर पाठीच्या पराजवळून, कण्याच्या वरून टोचा. कण्याला गळ लागला की मिनो मेलाच.

झुडपाच्या पलीकडे टाका आणि हळूच ओढत झुडपाच्या कडेला आणा. थेट डोक्यावर टाकलं तर मासे पांगतात. आता थांबा. मनात दहा मोजा. रॉडचं टोक जरासं हलवा, जिग दोन इंच उडेल, परत दहा. विणीवरचा नर भुकेने नव्हे तर घरट्याजवळ आलेल्याला हुसकायला झडप घालतो, म्हणून आमिष त्याच्या समोर रेंगाळलं पाहिजे.

फ्लोट बुडाला तर कुणालाही कळतं. खरं बघायचं ते दुसरंच. उभा असलेला फ्लोट अचानक आडवा झोपतो. बुडत नाही, हलत नाही, नुसता आडवा. नवखा समजतो वाऱ्याने झोपला किंवा गळ तळाला टेकला, आणि बघत राहतो. प्रत्यक्षात क्रॉपीने खालून येऊन आमिष तोंडात घेतलेलं असतं आणि ती वरच उठत असते. शिशाचं वजन तिने उचलल्यामुळे फ्लोटला खाली ओढणारं काही उरलेलं नसतं. आडवा झाला की लगेच उचला.

उचला म्हणजे उचला, हिसका देऊ नका. बास माशाला देतात तसा झटका दिलात तर ओठ फाटून गळ मोकळा हातात येतो. रॉड शांतपणे वर न्या, ताण आला की रीळ फिरवायला लागा, तंगूस सैल पडू देऊ नका. काठाजवळ मासा तंगुसाने हवेत उचलू नका. दहा डॉलरची जाळी घ्या, बहुतेक मासे सुटतात ते शेवटच्या दोन हातांत.

लांब काठीने बुडवणे

ही इथल्या जुन्या लोकांची पद्धत, आणि दाट झुडपांत याला तोड नाही. काठीच्या टोकापासून दोन-तीन फूटच तंगूस सोडा, खाली जिग. काठी पुढे करून जिग बुंध्याला लागून सरळ खाली सोडा, धक्का न लावता, ठरलेल्या खोलीपर्यंत. तिथे तो अगदी स्थिर धरा. हात जितका थरथरतो तेवढी हालचाल जिगला पुरते. पाच-सात सेकंदांत काही झालं नाही तर उचला आणि बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला सोडा, आधी सावलीच्या. एकाच बुंध्याच्या एका बाजूला चार मासे आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, असं नेहमी होतं. मासा लागला की त्याला झुडपात वळू न देता सरळ वर काढायचा, म्हणून या कामाला तंगूस जाड.

अधिक धाडस असेल तर वेडर, म्हणजे छातीपर्यंतची रबरी विजार, घालून पाण्यात उतरतात. कंबरेचा पट्टा घट्ट आवळा. घसरलात तर आत पाणी भरतं, आणि मार्चमधलं पाणी थंड असतं. लाइफ जॅकेट घाला, एकटे उतरू नका, आणि झुडपात पाय टाकण्याआधी काठीने ढोसा. कॉटनमाउथ हा विषारी पाणसाप त्याच झुडपांत ऊन खात पडलेला असतो.

फेकून हळूहळू ओढण्याची तिसरी रीत मासे अजून जमत असताना, म्हणजे पन्नाशीच्या पाण्यात, उपयोगी. 1/16 चा जिग फेकल्यावर साधारण सेकंदाला फूटभर खाली जातो. आठ मोजून ओढायला लागा, पुढच्या वेळी दहा, मग बारा. लागला तो आकडा लक्षात ठेवा. ओढण्याचा वेग तुम्हाला कंटाळा येईल इतका हळू हवा.

हवा बदलली की

टेक्सासच्या वसंतात दर पाच-सहा दिवसांनी उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते. लाट येण्याच्या आधीची दुपार, ढगाळ, उबदार, दक्षिणेचा वारा, ही सर्वांत चांगली. ऑफिसातून लवकर निघता येत असेल तर ती दुपार वाया घालवू नका. लाट येऊन गेल्यावर आकाश निळंभोर होतं, ऊन सुंदर पडतं, सगळे सहकुटुंब तलावावर येतात आणि मासे काही लागत नाहीत. ते दूर गेलेले नसतात, जवळच्या पहिल्या खोल उतारावर उतरलेले असतात. त्या दिवशी फ्लोट दोन-तीन फूट खाली घ्या, जिग 1/32 चा लावा, मिनो जोडा, आणि सकाळऐवजी दुपारी तीननंतर जा. दोन-तीन उबदार दिवसांनी सगळं पूर्ववत होतं.

पाण्याची पातळी हाही एक घटक. मुसळधार पावसाने तलाव चढला की मासे नव्याने बुडालेल्या झुडपांत शिरतात, काल कोरडं होतं तिथे आज लागतात. धरणातून पाणी सोडून पातळी उतरायला लागली की ते काठ सोडतात. लाव्हॉन, लुइसव्हिल, ग्रेपव्हाइन आणि रे रॉबर्ट्स या चारही तलावांचं व्यवस्थापन आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे आहे आणि रोजची पातळी त्यांच्याकडे ऑनलाइन पाहता येते. हवामानाबरोबर तेही पाहायची सवय लावा.

धरल्यावर

मासा धरताना ओल्या हाताने, डोक्याकडून मागे तळवा फिरवत पाठीचे काटे दाबून धरा. लांबी मोजताना तोंड मिटवा, शेपटीची दोन टोकं एकत्र चिमटीत धरा. साडेनऊ इंचाचा असेल तर सोडा, खेचून दहा करू नका. नियम तपासणारे वॉर्डन येतात आणि मोजतात. ठेवायचा मासा लगेच बर्फात. दोरीत ओवून कोमट पाण्यात लटकवत ठेवला तर मांस मऊ पडतं. आणि डोकं-शेपूट काठावर काढू नका, घरी पोचल्यावरच. काही तलावांतल्या माशांबद्दल राज्याचं आरोग्य खातं पाऱ्यासाठी सूचना काढतं, लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी ती आधी बघून ठेवा.

इथले लोक दोन्ही बाजूंचे फिले काढून मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मांस पांढरं, भुसभुशीत, वास जवळजवळ नाही. सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या जिभेला ते फिकं लागतं, ही तक्रार मी मालवणच्या माणसाकडून ऐकली आहे आणि ती रास्त आहे. म्हणून मी फिले काढत नाही. खवले काढून, कल्ले आणि पोट साफ करून, अख्ख्या माशाला दोन्ही अंगांनी तिरप्या चिरा देतो. मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास. मग तांदळाच्या पिठात मिसळलेल्या रव्यात घोळवून बेताच्या तेलात, मध्यम आचेवर. कालवणात हा मासा घालू नका, विरघळतो. मार्चमधल्या मादीच्या पोटात गाभोळी निघते. तिच्यावरचा पातळ पापुद्रा न फाटू देता वेगळी काढा, त्याच मसाल्यात बुडवा आणि झाकण ठेवून तळा, कारण ती उडते.

पाणी 70 च्या वर गेल्यावर

एप्रिलच्या शेवटी एक सकाळ अशी येते की सगळ्या झुडपांत फक्त ब्लूगिल लागतात. माद्या केव्हाच गेलेल्या असतात, आता नरही उतरलेले असतात. पण लगेच फार लांब नाही: पंधरवडाभर ते त्याच ओढ्याच्या रेघेवर, आठ ते पंधरा फुटांत, पहिल्या बुडालेल्या झुडपापाशी थांबतात आणि उपाशी असल्यामुळे चांगले खातात. ते गाठायला एक तर लांब धक्का हवा, नाही तर बोट. पुलाखाली बसणाऱ्यांना तिसरा मार्ग आहे: रात्रीचा दिवा. पाण्यावर उजेड टाकला की आधी किडे येतात, मग त्यांच्यामागे शॅड नावाचे बारके मासे, आणि अंधार-उजेडाच्या सीमेवर क्रॉपी. स्लिप फ्लोट बारा फुटांवर लावा, मिनो घाला, डासांचं औषध आणि चहाचा थर्मास घेऊन नऊनंतर बसा.